थंडीच्या पहाटे डिझेल पिकअप थरथरत सुरू होते आणि पांढरा धूर सोडते: दोष नोझलचा की हीटरचा?

प्रश्नकर्ता (निफाड)

नमस्कार. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. क्रेट, खते आणि औषधांचे बॅरल नेण्या-आणण्यासाठी मी अडीच लिटरच्या कॉमन रेल (सगळ्या नोझलांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणाऱ्या) डिझेल इंजिनाची पिकअप वापरतो. गाडी २०१७ सालची असून आतापर्यंत १ लाख ६२ हजार किलोमीटर चालली आहे. इंजिन ऑइल व डिझेल फिल्टर मी वेळेवर बदलतो.

आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान पाच-सहा अंशांवर येते आणि एखाद्या वर्षी त्याहूनही खाली जाते. कडाका वाढला की मणी तडकू नयेत म्हणून आम्ही बागेत शेकोट्या पेटवतो आणि पहाटे पाणी सोडतो. अशा दिवशी सहा वाजता रिकामे क्रेट भरून निघायचे असते आणि नेमकी तेव्हाच गाडी त्रास देते. सेल्फ जोरात फिरतो आणि तीन-चार सेकंदांत इंजिन पेटते, परंतु पेटल्यानंतर एखादा सिलिंडर काम करत नसावा तसे मिसिंग करत थरथरते, ठोके ऐकू येतात आणि मागून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर निघतो. साधारण पाऊण ते एक मिनिटात सगळे आपोआप शांत होते. त्यानंतर दिवसभर कसलीही तक्रार नसते, दुपारी तर किल्ली फिरवताच गाडी सुरू होते. ओढ आणि ॲव्हरेज पूर्वीइतकेच आहे.

एका गॅरेजमध्ये चारही नोझल (सिलिंडरात डिझेल फवारणारे भाग) बदलावे लागतील असे सांगून साठ हजारांच्या घरातला खर्च काढून दिला. दुसऱ्या कारागिराने डिझेल गोठत असल्याचे सांगितले आणि टाकीत एक लिटर रॉकेल ओतण्याचा सल्ला दिला. शेजारच्या चुलत्यांचा उपाय तिसराच आहे: एअर फिल्टरच्या तोंडाशी पेटता बोळा धरायचा. डॅशबोर्डवरचा वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा नेहमीप्रमाणे लागतो आणि विझतो, म्हणून हीटर (थंड इंजिनाचे सिलिंडर तापवणारे प्लग) ठीक आहेत असे मी गृहीत धरले आहे. आधी सुटे भाग बदलून नंतर दोष शोधण्याची माझी तयारी नाही. तपासणी कोणत्या क्रमाने करावी, हे कृपया कोणी सांगावे.

जुना कारागीर (निवृत्त, बस कार्यशाळा)

तुम्ही लक्षणे इतकी नीट लिहिली आहेत की अर्धी तपासणी त्यातच झाली आहे. एक गृहीत मात्र लगेच सोडून द्या. तो पिवळा दिवा हीटर तापल्याची खात्री देत नाही. कूलंटचे तापमान पाहून इंजिनाचा संगणक हीटरना किती सेकंद वीज द्यायची ते ठरवतो आणि ‘थोडे थांबा’ एवढेच त्या दिव्यातून तुम्हाला सांगतो. काही गाड्यांत हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड झाल्यास इशारा मिळतो, पण अनेक गाड्यांत चारपैकी दोन हीटर जळून गेले तरी दिवा ठरल्या वेळी लागतो आणि ठरल्या वेळी विझतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला दाबून सोळा-अठरा पटींनी लहान जागेत कोंबतो, त्या दाबाने हवा तापते आणि त्या हवेत फवारलेले डिझेल पेट घेते. रात्रभर पाच अंशांत उभ्या राहिलेल्या इंजिनात ही उष्णता थंडगार सिलिंडर आणि हेड शोषून घेतात, त्यामुळे फवारा अर्धवट जळतो किंवा जळतच नाही. न जळलेल्या डिझेलची वाफ सायलेन्सरमधून बाहेर येते, तोच तुमचा डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर. हीटर प्लगचे टोक साडेआठशे अंशांच्या वर तापून ही कमतरता भरून काढते आणि प्रत्येक सिलिंडरला त्याचा स्वतंत्र हीटर असतो. आपल्याकडे वर्षाचे आठ-नऊ महिने हवा इतकी उबदार असते की तुमच्यासारखे थेट फवारणीचे इंजिन हीटरशिवायही निमूट सुरू होते. म्हणून हीटर मे महिन्यात जळतो आणि डिसेंबरात कळतो. त्यातून थंडी वाढली की लोक डिझेलवर आणि नोझलवर संशय घेतात.

तुमच्या वर्णनात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे सेल्फ जोरात फिरतो आणि इंजिन लवकर पेटते. डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरत असती किंवा रेलमध्ये दाब तयार होत नसता तर सेल्फ पंधरा-वीस सेकंद मारावा लागला असता. त्या प्रकारात इंजिन उशिरा पेटते, पण एकदा पेटले की बहुधा सरळ चालते. तुमचे इंजिन लगेच पेटते आणि वेडेवाकडे चालते, म्हणजे डिझेल पोहोचते आहे आणि कुठल्यातरी सिलिंडरात उष्णता कमी पडते आहे. दुसरी गोष्ट अशी की एका मिनिटात सगळे पूर्ववत होते आणि दिवसभर तक्रार राहत नाही. गळका नोझल गरम इंजिनावरही आपले रूप थोडेफार दाखवतो: आयडलिंगला ठोका, काळपट धूर, घटलेले ॲव्हरेज.

तरीही अंदाजावर थांबू नका. धुराचा वास घेऊन पाहा. डिझेलचा उग्र वास असेल तर वरचे सगळे लागू होते. वास गोडसर असेल आणि टाकीतले कूलंट हळूहळू कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा विचार करावा लागेल आणि ते प्रकरण वेगळे आहे. पहाटे, गाडी सुरू करण्यापूर्वी, मल्टीमीटरने बॅटरीचा व्होल्टेज मोजा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून त्या वेळचा आकडाही पाहा. तो ९.६ च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी, तिची टोके आणि अर्थिंगची जाड वायर तपासावी, कारण सेल्फ रेंगाळला की दाबाची उष्णताही घटते.

त्यानंतर हीटर. चारही हीटर वरून एका धातूच्या पट्टीने जोडलेले असतात. पट्टी न काढता मोजलेला आकडा चारही हीटरचा मिळून येतो आणि एखादा मेलेला हीटर त्यात लपून जातो. म्हणून बॅटरीची ऋण वायर सोडवा, पट्टी काढा, मीटर ओहमच्या सर्वांत खालच्या मापावर ठेवा आणि प्रथम मीटरची दोन्ही टोके एकमेकांना टेकवा. स्वस्तातला मीटर तिथेच ०.३ किंवा ०.४ दाखवतो, तेवढे प्रत्येक मापातून वजा करायचे आहे. मग एक टोक हीटरच्या डोक्याला आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावा. थंड हीटर साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो आणि चारही आकडे जवळजवळ सारखे असावे लागतात. मीटर काहीच दाखवत नसेल तर त्या हीटरची आतली तार तुटली आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुन्या इनलाइन पंपाच्या गाड्यांत आम्ही चालू इंजिनावर एकेका नोझलचा नट सैल करून मिसिंग करणारा सिलिंडर ओळखत असू. कॉमन रेल इंजिनावर हा प्रयोग चुकूनही करू नका. त्या नळीतला दाब १६०० बारपर्यंत जाऊ शकतो आणि त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून डिझेल शरीरात घालते. मिसिंग करणारा सिलिंडर ओळखायचाच असेल तर थंड इंजिन सुरू करून वीस-तीस सेकंदांत एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारही फाट्यांचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. जो फाटा इतरांपेक्षा थंड, तो सिलिंडर जळत नाही.

माजी सैनिक (सातारा)

डिझेल गोठण्याविषयी थोडे लिहितो, कारण माझी काही वर्षे लडाखमध्ये वाहनांबरोबर गेली आहेत. डिझेलमध्ये मेण असते. थंडीत त्याचे कण तयार होऊन डिझेल आधी गढूळ होते आणि पुढे ते कण फिल्टरमध्ये अडकतात. भारतीय मानकानुसार डिझेल ज्या तापमानाला फिल्टरमधून वाहणे थांबते, ते हिवाळ्यात ६ अंशांहून आणि उन्हाळ्यात १८ अंशांहून वर असता कामा नये. ही कमाल मर्यादा आहे आणि पंपावरचे डिझेल बहुधा तिच्यापेक्षा बरे असते. लडाखसारख्या भागासाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये पानिपतच्या रिफायनरीतून आणले. त्यापूर्वी तिथे रॉकेल मिसळूनच काम भागवावे लागे, आणि मला वाटते हा सल्ला तिथूनच देशभर पसरला असावा.

मेणाने तुंबलेल्या फिल्टरची लक्षणे मात्र तुमच्यासारखी नसतात. नळीत आणि फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर गाडी सुरू होते, मैलभर जाते आणि मग ओढ सोडून बंद पडते. म्हणजे त्रास सुरुवातीनंतर वाढत जातो. तुमचा त्रास एका मिनिटात संपतो, म्हणून डिझेलला दोष देता येणार नाही. शंका राहिलीच तर काचेच्या बाटलीत थोडे डिझेल घेऊन रात्रभर गाडीशेजारी ठेवा आणि पहाटे ते गढूळ झाले आहे का ते पाहा.

रॉकेल ओतू नका. कॉमन रेलचा उच्च दाबाचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो आणि रॉकेलमध्ये ते वंगण फार कमी असते. पेटता बोळा आणि बाजारात मिळणारा स्टार्टिंग स्प्रे यांच्याही वाटेला जाऊ नका. हीटर तापलेला असताना या स्प्रेमधल्या इथरचा फवारा मारला तर तो इनटेकमध्येच भडकतो. पिस्टनची कडी मोडल्याचे मी स्वतः पाहिले आहे. कोणी इंजिन ऑइल पातळ करायला सांगेल, त्याचीही गरज नाही. १५डब्ल्यू-४० ऑइलची थंडीतली कसोटी उणे २० अंशांना घेतली जाते, तुमची थंडी तिच्यापासून खूप दूर आहे.

नोझल-पंप दुरुस्ती (कोल्हापूर)

माझा धंदाच नोझल तपासण्याचा आहे, त्यामुळे नोझल बदलू नका असे सांगणे मला परवडणारे नाही. तरीही तुमच्या बाबतीत मी तेच सांगेन. थंडीच्या दोन महिन्यांत आमच्या टेबलावर येणाऱ्या नोझलांपैकी बरेच चांगले निघतात आणि मालकाने काढण्या-घालण्याची मजुरी फुकट दिलेली असते.

नोझलविषयी खात्री करायची असेल तर परतीच्या नळ्यांची (नोझलमधून उरलेले डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या नळ्यांची) चाचणी करा. चारही नोझलांच्या परतीच्या नळ्या काढून त्या जागी सारख्या मापाच्या चार नळ्या लावायच्या, त्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन ठरावीक वेळ आयडलिंगला चालवायचे. एखादी बाटली इतरांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर तो नोझल आतून झिजला आहे. अशा झिजलेल्या नोझलमुळे सेल्फ मारताना रेलमध्ये पुरेसा दाब साठत नाही, आणि साधारण दोन-अडीचशे बारपर्यंत दाब चढल्याशिवाय संगणक नोझल उघडतच नाही. पण याचे लक्षण म्हणजे लांबलेला सेल्फ, जे वर सांगितलेच आहे. ते तुमच्याकडे नाही.

जुन्या कारागिरांच्या एका मुद्द्याला मात्र पुस्ती जोडतो. नोझल गरम इंजिनावर नेहमीच रूप दाखवतो असे नाही. फवारा किंचित बिघडलेला नोझल थंडीत मिसिंग करतो आणि गरम झाल्यावर अगदी निर्दोष वाटतो. म्हणून हीटर चांगले निघाले तर नोझल पुन्हा यादीत येतो, कॉम्प्रेशनही (पिस्टन हवेला देत असलेला दाब) येते. थंड सुरुवातीला एकाच सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी असेल तर चांगला हीटर ते झाकतो आणि हीटर मेला की ते उघडे पडते.

आणखी एक सोपी चाचणी सांगतो, तिला पाना लागत नाही. गाडीच्या निदान सॉकेटमध्ये बसणारे, फोनशी जोडले जाणारे छोटे यंत्र हल्ली स्वस्तात मिळते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची किल्ली फिरवून, इंजिन सुरू न करता, कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान वाचा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आणि बाहेरच्या थंडीइतके असले पाहिजेत. बाहेर सहा अंश असताना कूलंटचा सेन्सर चाळीस सांगत असेल तर संगणक इंजिन गरम आहे असे समजतो, हीटरना वीजच देत नाही आणि डिझेलही कमी सोडतो. मग चारही हीटर नवे घातले तरी फरक पडणार नाही.

प्रश्नकर्ता (निफाड)

सर्वांचे आभार. आज पहाटे तालुक्याच्या गावातून आणलेला मल्टीमीटर आणि पुतण्याचे फोनला जोडायचे यंत्र घेऊन बसलो. आकडे जसे मिळाले तसे देतो.

बाहेर ७ अंश होते. कूलंटचा सेन्सर ८ आणि हवेचा सेन्सर ७ दाखवत होता. बॅटरी १२.५, सेल्फ मारताना १०.१. धुराला डिझेलचाच वास आहे आणि कूलंटची पातळी दिवाळीपासून हललेली नाही. बाटलीतले डिझेल सकाळी पाण्यासारखे स्वच्छ होते.

दुपारी पट्टी काढली. एका नटावर इतका मातीमिश्रित ऑइलचा थर होता की आधी ब्रशने घासावा लागला. मीटरची टोके एकमेकांना टेकवल्यावर ०.४ आले. ते वजा केल्यावर दुसरा हीटर ०.८ आणि तिसरा ०.९ भरला. पहिल्यावर आणि चौथ्यावर मीटर काहीच दाखवत नाही. टोके तीनदा घासून पुन्हा मोजले, उत्तर बदलले नाही.

म्हणजे दोन हीटर मेले आहेत, असे समजू ना? बदलायला आमच्या गावच्या पोराला सांगू का, तो ट्रॅक्टरची कामे चांगली करतो.

जुना कारागीर (निवृत्त, बस कार्यशाळा)

होय, दोन्ही मेले आहेत. सेन्सर आणि बॅटरी निर्दोष असल्यामुळे तुमच्या मिसिंगचे कारण जवळजवळ निश्चित झाले. पोराकडून काम करून घेण्यास हरकत नाही, पण काढताना घाई नको. लाखावर किलोमीटर चाललेल्या गाडीत हीटरभोवती कार्बन घट्ट बसतो आणि हीटरची मान बारीक असते. जोर लावला तर तो मधेच तुटतो, तुकडा हेडमध्ये राहतो आणि पाचशे-सातशे रुपयांच्या भागापायी हेड उतरवायची वेळ येते. आदल्या रात्री आटे सुटण्याचे तेल मुळाशी सोडा, इंजिन चांगले गरम करा आणि गरम असतानाच लहान दांड्याचा पाना वापरा. पाव फेरा सैल, जरा पुन्हा आत, पुन्हा सैल, असे करत बाहेर आणा. अडकला तर थांबा, तेल सोडा, इंजिन परत गरम करा. नवा बसवताना मूळ भागावर छापलेला व्होल्टेज पाहूनच तसा मागवा. काही नव्या पद्धतीचे हीटर पाच व्होल्टच्या आसपास चालतात. त्यांना थेट बॅटरी लावून पाहण्याचा मोह झाला तर ते काही सेकंदांत जळतात.

दुसऱ्या-तिसऱ्या हीटरचे वयही तेवढेच असल्यामुळे चारही एकदम बदलावेत असे माझे मत आहे.

मात्र मला खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. वयाने मरणारे हीटर साधारणपणे एकेक करून जातात. दोन एकाच मोसमात गेले असतील तर त्यांना गरजेपेक्षा जास्त वेळ वीज मिळत होती का, हे पाहिल्याशिवाय नवे बसवू नका. पट्टी जागेवर लावा आणि गाडी सुरू करून दहा मिनिटे चालू द्या. सुरू झाल्यानंतरही हीटर काही काळ तापत राहतात, ते ठीक आहे. पण इंजिन गरम झाल्यावर पट्टी आणि इंजिनाचा धातू यांच्यामध्ये व्होल्टेज शून्य हवा.

प्रश्नकर्ता (निफाड)

खटकलेली गोष्ट खरी निघाली. गाडी वीस मिनिटे चालवून, पंखा फिरू लागल्यावर पट्टीवर मीटर लावला तर १३.९ व्होल्ट! किल्ली बंद केल्यावरही काही क्षण आकडा टिकला आणि रिलेला (हीटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचला) बोटाने टिचकी मारल्यावर ‘टक्’ आवाज होऊन शून्यावर आला. हीटरचा रिले आतून चिकटत होता. तो उघडून पाहिला तेव्हा त्याचे दोन्ही तांब्याचे ठिपके काळे पडून एका कडेला वितळल्यासारखे झालेले दिसले.

रिले आणि चारही हीटर मागवले. पहिला, दुसरा आणि तिसरा सहज निघाले. चौथ्याने मात्र अंत पाहिला: तीन वेळा इंजिन गरम केले, संध्याकाळपासून तेल सोडत राहिलो आणि रात्री साडेआठला तो करकरत बाहेर आला. पोराने टॉर्च धरून दाखवले की त्याचे टोक हरभऱ्यासारखे फुगले होते आणि एका बाजूने फुटले होते. नवे बसवल्यावर रिलेची चाचणी पुन्हा केली. इंजिन गरम झाल्यावर पट्टीवर शून्य आहे.

आज पहाटे बाहेर ६ अंश होते. दिवा विझेपर्यंत थांबलो, सेल्फ मारला आणि दुसऱ्या सेकंदाला इंजिन पेटले. पहिले दोन-तीन ठोके पडले, मागे वीतभर पांढरट धूर दिसला आणि इंजिन सरळ चालू लागले. फोनवरच्या यंत्रात आयडलिंग ९०० च्या आसपास स्थिर होते. पूर्वी ते सातशे ते हजार असे हेलकावे खात असे.

एवढाच एक प्रश्न उरला आहे: हे सुरुवातीचे दोन-तीन ठोकेही जावेत यासाठी परतीच्या नळ्यांची चाचणी करून घ्यावी का?

नोझल-पंप दुरुस्ती (कोल्हापूर)

सहा अंशांत थंड डिझेल इंजिनाने दोन-तीन ठोके देणे स्वाभाविक आहे. आत्ता काही करू नका. पुढच्या थंडीत ते वाढलेले दिसले किंवा सेल्फ लांबू लागला तर बाटल्या लावा, आणि तोपर्यंत दर हिवाळ्यापूर्वी, दिवाळीच्या सुमारास, पट्टी काढून चार आकडे वहीत टिपून ठेवा.